आवाजाची वाटणी : ८० हर्ट्झ या आकड्याची गोष्ट

चित्रपटगृहातला आवाज घरी ऐकायचा म्हणून 'होम थिएटर' आणले की त्याबरोबर एक जड, चौकोनी पेटी येते. तिला सबवूफर म्हणतात. ढगांचा गडगडाट, आगगाडीची धडधड, ढोलाचा घुमारा असे अगदी खालच्या पट्टीतले आवाज काढणे एवढेच तिचे काम. बाकीचे सगळे आवाज खोलीत ठिकठिकाणी ठेवलेले पाच लहान स्पीकर काढतात. पेटीच्या मागच्या बाजूला एक फिरवायचे बटण असते आणि त्याभोवती ४० पासून १५० च्या आसपासपर्यंत आकडे छापलेले असतात. ॲम्प्लिफायर चालू केला तर तोही तेच विचारतो : क्रॉसओव्हर किती ठेवायचा? म्हणजे, कोणत्या वारंवारतेच्या खालचा आवाज पेटीकडे पाठवायचा आणि वरचा लहान स्पीकरकडे? पुष्कळ यंत्रांत हे उत्तर आधीच भरून ठेवलेले असते : ८० हर्ट्झ.

आमच्यापैकी एकाच्या घरी असे यंत्र जोडताना नववीतल्या मुलीने विचारले, "ऐंशीच का? शंभर का नाही?" जोडायला आलेला माणूस म्हणाला, "सगळे तेवढाच ठेवतात." उत्तर खोटे नव्हते, पण त्याने मुलीचे समाधान झाले नाही आणि आमचेही. शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की या एका आकड्यामागे सुमारे पासष्ट वर्षांची धडपड आहे. हा आकडा प्रकाशाच्या वेगासारखा निसर्गाने दिलेला नाही आणि कुणी मनाला येईल तसा ठरवलेलाही नाही. स्पीकरचा पडदा, खोलीतली हवा आणि माणसाचा कान या तिघांना जुळवून घेताना तो सापडला आहे. त्याचीच ही हकीकत.

एक पडदा, दहा सप्तके

माणसाला साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. वारंवारता दुप्पट झाली की एक सप्तक पुढे जाते, या हिशेबाने ही जवळजवळ दहा सप्तके झाली. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धरला तर २० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी १७ मीटर भरते आणि २०,००० हर्ट्झची जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर. एका टोकाला शाळेच्या इमारतीएवढी लाट, दुसऱ्या टोकाला बोटाच्या पेराएवढी. ही सारी कामे एकाच पडद्याने करावीत अशी आपली अपेक्षा असते.

आज आपण वापरतो त्या स्पीकरची रचना अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडली. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे लहानसे वेटोळे, त्याला चिकटवलेला कागदाचा शंकू. वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह गेला की शंकू पुढेमागे हलतो आणि हवेला ढकलतो. रचना साधी, पण तिच्यात एक अवघड हिशेब दडलेला आहे. आवाजाचा दाब तेवढाच ठेवून वारंवारता निम्मी केली तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. ८० हर्ट्झला जो शंकू अर्धा मिलिमीटर हलतो, त्याला तेवढाच आवाज २० हर्ट्झला काढायचा तर आठ मिलिमीटर हलावे लागेल. लहान शंकूला ते झेपत नाही.

मग शंकूच मोठा का करू नये? मोठा शंकू थोडासा हलूनही पुष्कळ हवा ढकलतो, हे खरे. पण तो जड असतो, त्यामुळे सेकंदाला हजारो वेळा हलताना तो मागे पडतो. शिवाय उंच स्वरांची तरंगलांबी शंकूच्या मानाने फार लहान असल्याने तो आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोरच जातो, बाजूला बसलेल्यांना मिळत नाही. म्हणजे खालच्या स्वरांना मोठा पडदा हवा आणि वरच्या स्वरांना लहान. एका गड्याचे काम दोघांत वाटून देण्यावाचून गत्यंतर नव्हते.

वाटणीचे साधन टेलिफोनच्या तंत्रातून तयार होऊन आले होते. तारेचे वेटोळे वेगाने बदलणारा प्रवाह अडवते आणि हळू बदलणारा जाऊ देते, संधारित्र नेमके याच्या उलट वागते, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतोच. या दोघांची सांगड घालून हव्या त्या वारंवारता निवडणारी मंडले, म्हणजे फिल्टर, अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीत जॉर्ज कॅम्पबेल यांनी १९१० च्या दशकात विकसित केली होती. पण फिल्टर म्हणजे सुरी नव्हे. ८० हर्ट्झच्या खाली सगळे आणि वर काहीच नाही, असे ते कापत नाही. त्याला उतार असतो. 'सप्तकाला १२ डेसिबल' असा उतार असेल तर पुढच्या प्रत्येक सप्तकात ध्वनीची शक्ती सुमारे सोळाव्या हिश्श्यावर येते. म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंना थोडा पट्टा असा राहतो की तिथे दोन्ही स्पीकर एकाच वेळी बोलत असतात. पुढची सगळी भानगड या पट्ट्यात आहे.

फिलाडेल्फियाहून वॉशिंग्टनला

२७ एप्रिल १९३३ रोजी बेल प्रयोगशाळेच्या हार्वे फ्लेचर यांच्या चमूने एक प्रयोग केला. फिलाडेल्फियात वाद्यवृंद वाजत होता आणि तो टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये ऐकवला जात होता. वाद्यवृंदाचे नेहमीचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की त्या दिवशी वाद्यवृंदासमोर नव्हतेच. ते वॉशिंग्टनमध्ये बसून आवाजाची बटणे सांभाळत होते. आवाजाच्या तीन स्वतंत्र वाहिन्या होत्या. डावीकडची वाद्ये डावीकडून आणि उजवीकडची उजवीकडून ऐकू यावीत यासाठी ही योजना होती. प्रत्येक वाहिनीला दोन प्रकारचे कर्णे जोडलेले होते. खालच्या स्वरांसाठी मोठा, घडी घातल्यासारखा वळवलेला कर्णा आणि वरच्या स्वरांसाठी लहान कर्णे. वाटणीची सीमा होती सुमारे ३०० हर्ट्झ.

त्याच वर्षी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी कानाच्या संवेदनेचे मोजमाप प्रसिद्ध केले. सारख्याच शक्तीचे सगळे स्वर आपल्याला सारखे मोठे ऐकू येत नाहीत, खालच्या स्वरांना कान बराच बहिरा असतो, हे त्यातून आकड्यांत दिसले. आजच्या मोजमापानुसार १००० हर्ट्झचा स्वर जेवढ्या दाबाला ऐकू येऊ लागतो त्याच्यापेक्षा ७० डेसिबलहून अधिक दाब २० हर्ट्झच्या स्वराला लागतो. म्हणजे खालच्या स्वरांचा गडी नुसता वेगळा असून भागत नाही, तो चांगला दणकटही असावा लागतो.

एका पावलाचे दोन आवाज

वाटणी झाली, पण जोडणीचे काय? हा प्रश्न हॉलिवूडमध्ये एका नर्तकीच्या पावलांनी उभा केला. एम.जी.एम. या चित्रपटसंस्थेचे ध्वनिप्रमुख डग्लस शिअरर आणि अभियंते जॉन हिलियर्ड १९३० च्या दशकाच्या मध्यास चित्रपटगृहांसाठी नवी स्पीकरव्यवस्था शोधत होते. एलेनॉर पॉवेल ही टॅप नृत्यासाठी नावाजलेली अभिनेत्री. टॅप नृत्यात बुटाच्या तळाला धातूची पट्टी असते आणि तिचा टक् टक् असा कोरडा ठेका ऐकू येतो. मोठ्या, वळवलेल्या कर्ण्याच्या व्यवस्थेवर हा ठेका वाजवला तर एका पावलाचे दोन आवाज येऊ लागले, ही हकीकत ध्वनितंत्रज्ञांमध्ये प्रसिद्ध आहे.

कारण शोधायला त्रैराशिक पुरे. खालच्या स्वरांचा कर्णा लांब, वरच्या स्वरांचा आखूड. दोघांच्या मार्गांत आठ फुटांचा, म्हणजे सुमारे २.४ मीटरचा फरक असेल, तर खालचा आवाज ७ मिलिसेकंद उशिरा पोचणार. व्हायोलिनच्या लांबलचक स्वरात हा उशीर लपून जातो. टॅपच्या ठोक्यात मात्र तो उघडा पडतो, कारण ठोका क्षणिक असतो आणि त्यात खालचे-वरचे सगळे स्वर एकदमच असतात.

शिअरर यांच्या चमूने खालचा कर्णा आखूड केला आणि दोन्ही कर्ण्यांचे उगम एका रेषेत आणले. वाटणीची सीमा ४०० हर्ट्झच्या आसपास ठेवली. ही व्यवस्था 'शिअरर हॉर्न' म्हणून ओळखली गेली आणि १९३६ सालच्या ऑस्कर पुरस्कारांत तिला तांत्रिक कामगिरीचा पुरस्कार मिळाला. या प्रकरणातून मिळालेला धडा आजही लागू आहे. आवाज कुठे तोडायचा एवढेच ठरवून चालत नाही, तोडलेले दोन भाग कानापाशी एकाच वेळी पोचले पाहिजेत.

कानाला दिशा कशी कळते?

चित्रपटगृहात दोन्ही कर्णे पडद्यामागे, एकाच जागी ठेवता येतात. घरात खालच्या आवाजाची पेटी मोठी, म्हणून ती कोपऱ्यात किंवा सोफ्याशेजारी जाते. मग समोरच्या माणसाचे बोलणे कोपऱ्यातून येते आहे असे का वाटू नये? याचे उत्तर १९०७ साली लॉर्ड रॅले यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधापासून सुरू होते. त्यांनी दाखवले की दिशा ओळखण्यासाठी कान दोन युक्त्या वापरतात. उंच स्वरांची लाट लहान, तिला डोक्याचा अडसर होतो, म्हणून पलीकडच्या कानाशी आवाज क्षीण पोचतो. हा तीव्रतेतला फरक मेंदू हेरतो. खालच्या स्वरांची लाट मोठी, ती डोक्याला वळसा घालून जाते आणि दोन्ही कानांशी तीव्रता जवळपास सारखीच राहते. तिथे कान वेळेतला फरक पाहतात. लाटेचा माथा एका कानाशी आधी आणि दुसऱ्याशी नंतर पोचतो.

हा फरक जास्तीत जास्त किती? आवाज बरोबर एका बाजूने आला तरी सुमारे ०.६ मिलिसेकंद. ८० हर्ट्झच्या एका कंपनाला १२.५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हा फरक एका कंपनाच्या विसाव्या भागाएवढाच. मोकळ्या मैदानात एवढ्यावरही कान काही अंदाज बांधतो. पण आपण बसलेलो असतो खोलीत. ८० हर्ट्झची तरंगलांबी ४.३ मीटर, म्हणजे जवळजवळ खोलीएवढीच. भिंत दोन मीटरवर असेल तर पहिले कंपन पुरे होण्याच्या आतच तिच्यावरून परतलेली लाट मूळ लाटेत मिसळते. छत आणि जमीन यांवरून येणाऱ्या लाटा वेगळ्याच. या गर्दीत वेळेतला तो चिमुकला फरक बुडून जातो आणि आवाज 'कुठून तरी' येतो आहे एवढेच कळते. कानाची ही उणीवच सबवूफरच्या उपयोगाची ठरली. मात्र सीमा जसजशी १००, १२०, १५० हर्ट्झकडे सरकते तसतशी पेटीची जागा कानाला सापडू लागते.

जोड न दिसावा म्हणून

आता सीमेवरच्या त्या पट्ट्याकडे वळू. दोन स्पीकर तिथे एकाच वेळी बोलतात. त्यांची कंपने एकमेकांशी जुळली तर आवाज वाढतो, विरुद्ध झाली तर एकमेकांना खोडतात. लाटांच्या व्यतिकरणाचाच हा प्रकार. प्रत्येक फिल्टर कंपनाला थोडे मागेपुढे करतो, त्यामुळे सीमेवर कधी फुगवटा येतो, तर कधी खड्डा पडतो.

ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीतील अभियंते झिगफ्रिड लिंक्विट्झ यांनी १९७६ साली यावर एक नेटका उपाय प्रसिद्ध केला. या कामात त्यांचे सहकारी रस रायली यांचाही वाटा होता, म्हणून त्याला लिंक्विट्झ-रायली फिल्टर म्हणतात. इंग्लंडचे स्टीफन बटरवर्थ यांनी १९३० साली वर्णन केलेल्या प्रकारचे, सप्तकाला १२ डेसिबल उताराचे दोन फिल्टर एकापुढे एक जोडायचे. उतार होतो २४ डेसिबल. बरोबर सीमेवर प्रत्येक स्पीकरचा ध्वनिदाब निम्मा होतो आणि दोघांची कंपने तंतोतंत जुळतात. अर्धा अधिक अर्धा, बरोबर एक. फुगवटा नाही, खड्डाही नाही.

८० आणि १२०

चित्रपटात खालच्या स्वरांना वेगळी वाट १९७० च्या दशकात मिळाली. १९७४ साली आलेल्या 'अर्थक्वेक' या चित्रपटासाठी युनिव्हर्सल संस्थेने 'सेन्सराउंड' नावाची व्यवस्था केली. भूकंप प्रेक्षकांना अंगावर जाणवावा म्हणून चित्रपटगृहात मोठमोठे सबवूफर आणून ठेवले गेले. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'च्या ७० मिलिमीटर प्रतींत पडद्यामागच्या पाचपैकी दोन स्पीकरसंचांना केवळ खालच्या स्वरांचे काम दिले होते. पुढे १९८७ साली चित्रफितीवर अंकीय ध्वनी कसा असावा यावर अमेरिकेत चर्चा चालली असता टॉमलिन्सन होल्मन यांनी '५.१' ही कल्पना सुचवली. पाच पूर्ण वाहिन्या आणि एक फक्त खालच्या स्वरांची. तिला एकूण पट्ट्याचा अगदी थोडा हिस्सा लागतो, म्हणून तिची गणना 'दशांश एक'. डॉल्बीच्या अंकीय ध्वनीत या वाहिनीची वरची मर्यादा १२० हर्ट्झ आहे. 'बॅटमन रिटर्न्स' या १९९२ च्या चित्रपटापासून हा ध्वनी चित्रपटगृहांत आला आणि १९९६ पासून डीव्हीडीबरोबर तो घरोघर पोचू लागला.

हेच होल्मन लुकासफिल्म संस्थेत होते आणि १९८३ साली त्यांनी चित्रपटगृहांसाठी 'टीएचएक्स' हे दर्जाचे निकष तयार केले होते. १९९० च्या सुमारास हे निकष घरासाठी आले, तेव्हा क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठरवण्यात आला. तीक्ष्ण कानाच्या श्रोत्यालाही पेटीची जागा सापडू नये, इतकी ही सीमा खाली आहे. आणि मध्यम आकाराच्या स्पीकरच्या आवाक्यात राहावी, इतकी ती वरही आहे. यात एक सुरेख काटकसर साधली. बंद पेटीतला स्पीकर त्याच्या नैसर्गिक मर्यादेखाली आपणहून सप्तकाला १२ डेसिबल उतरतो. ती मर्यादा ८० हर्ट्झला आणली आणि ॲम्प्लिफायरने आणखी १२ डेसिबलचा उतार दिला की लिंक्विट्झ-रायलीचे २४ पुरे होतात. निम्मे काम स्पीकरची स्वतःची दुर्बलताच करते!

८० आणि १२० या दोन आकड्यांमुळे मात्र पुष्कळांची गफलत होते. १२० ही चित्रपटातील एका वाहिनीची मर्यादा आहे. ८० ही घरातल्या स्पीकरांतील वाटणी आहे. सबवूफरकडे त्या खास वाहिनीतला आवाज तर जातोच, शिवाय बाकीच्या पाच वाहिन्यांतला ८० च्या खालचा आवाजही जातो. वाहिनी वेगळी आणि पेटी वेगळी, हे एकदा लक्षात आले की गोंधळ उरत नाही.

मग आपण काय करावे?

इतिहास समजला की बटण फिरवणे सोपे जाते. पहिली गोष्ट, वाटणी एकाच ठिकाणी करावी. ॲम्प्लिफायर वाटणी करत असेल तर पेटीवरचे बटण शेवटच्या आकड्यावर न्यावे, नाहीतर एकच आवाज दोनदा गाळला जातो आणि सीमेवर खड्डा पडतो. दुसरी, लहान स्पीकरांची कुवत पाहावी. तळहाताएवढ्या शंकूवर ८० हर्ट्झची सक्ती केली तर तो फडफडतो. तिथे १२० किंवा १५० ठेवणेच शहाणपणाचे, पण मग पेटी समोरच्या स्पीकरांजवळ आणावी, कारण आता तिची जागा कानाला कळणार. तिसरी, एलेनॉर पॉवेलची पावले आठवावीत. पेटी समोरच्या स्पीकरांपेक्षा २.१५ मीटर दूर असेल तर ८० हर्ट्झला दोन्ही लाटा बरोबर उलट पोचतात आणि एकमेकींना खोडतात. ॲम्प्लिफायर स्पीकरांची अंतरे विचारतो ती यासाठीच. ती टेपने मोजून भरावीत, अंदाजाने नव्हे.

आपल्या ओळखीचे एक उदाहरण घेऊ. काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झच्या आणि खर्जाची तार तिच्या निम्म्याची, साधारण ६९ हर्ट्झची. सीमा ८० वर असेल तर खर्जाचा मूलस्वर पेटीतून येतो आणि १३९, २०८, २७७ असे त्याचे वरचे सगळे उपस्वर समोरच्या स्पीकरांतून. तरीही तंबोरा फुटल्यासारखा वाटत नाही. कान उपस्वरांवरून त्याची जागा ठरवतो आणि मूलस्वरही मुकाट्याने तिथेच नेऊन बसवतो.

हे वर्गात करून पाहता येईल. मोबाइलवर हव्या त्या वारंवारतेचा स्वर काढणारी साधने मिळतात. तो एखाद्या मोठ्या स्पीकरला जोडावा. एका विद्यार्थ्याचे डोळे बांधून २०००, २०० आणि ६० हर्ट्झचे स्वर हळू आवाजात, जागा बदलून ऐकवावेत आणि बोट दाखवायला सांगावे. प्रत्येक स्वराला दहा प्रयत्न, आणि फळ्यावर नोंद. ६० हर्ट्झलाही कुणी अचूक बोट दाखवले तर त्याला चूक म्हणू नका. स्पीकरजवळ जाऊन ऐका. बहुधा पडदा फडफडत असेल किंवा पेटी थरथरत असेल आणि त्यातून निघणाऱ्या उंच स्वरांनीच जागा सांगितली असेल. मग आवाज आणखी कमी करून पुन्हा पाहा.

त्या मुलीला आम्ही शेवटी हेच सांगितले. शंभर ठेवले तर काही बिघडेल असे नाही. तुमच्या स्पीकरला आणि तुमच्या खोलीला कदाचित शंभरच मानवेल. ८० हे दोन अटी एकदम पाळणारे उत्तर आहे : पेटी कुठे आहे ते कानाला कळू नये आणि लहान स्पीकरवर न झेपणारे ओझे पडू नये. या अटी समजल्या की आकडा पाठ करावा लागत नाही. तिने मग आईला सोफ्यावर बसवले, डोळे मिटायला लावले आणि बटण ४० पासून वर नेत विचारत राहिली, "आता कळते का, पेटी कुठे आहे ते?"